मास्तरांची जीभ आणि बटाट्याची फोड

कापड कारखान्याच्या रंगखात्यातल्या मास्तरांना दिसेल ते चाखून बघायची खोड होती. खोड लहानपणची. आईने साबणाची वडी, बुटाच्या पॉलिशची डबी, शाईची दौत असं सगळं उचलून उंच फळीवर ठेवलं, तर हे पोरगं स्टुलावर चढून फळीच चाटून आलं, असं त्यांची थोरली बहीण अजूनही चारचौघांत सांगते. मास्तर त्यावर चिडत नाहीत. ‘फळी तुरट होती,’ एवढंच सांगतात.

मोठेपणी अशा खोडी जातात. मास्तरांची गेली नाही, उलट तिच्यावरच त्यांचं पोट चालू लागलं. मागावरून उतरलेलं सुती कापड मळकट, पिवळट असतं. त्याला चांगला रंग चढवायचा तर आधी ते पांढरं करावं लागतं, आणि ते काम पेरॉक्साइड करतं. जखम धुवायला औषधाच्या दुकानात मिळतं तेच, पण इथे चांगलं कडक आणि उकळतं. कापड पांढरं झालं की त्याचं काम संपलं. पण ते जायचं नाव घेत नाही, चिवट पाहुण्यासारखं धाग्याधाग्यात ठाण मांडून बसतं. तशातच रंग सोडला तर ते रंगालाही खातं आणि कापड कुठे गडद, कुठे फिकट असं निघतं. म्हणून रंगाआधी गरम पाण्याने धुवायचं, ते पाणी सोडून द्यायचं, नवं भरायचं, परत धुवायचं.

किती वेळा धुवायचं, हे मास्तर ठरवायचे. मशीनच्या तोटीखाली बोट धरायचं आणि जिभेच्या शेंड्याला लावायचं. मुंग्या आल्या, की ‘अजून एक धुणं.’ नाही आल्या, की मान हलवायची. ती मान हलेपर्यंत खात्यातला एक माणूस रंगाच्या बादलीला हात लावत नसे. मास्तरांना हे त्यांच्या उस्तादांनी शिकवलं होतं. उस्तादांचे पुढचे दात पन्नाशीच्या आत पडले, हेही इथेच सांगून टाकावं, म्हणजे वाचून कोणी बोट चाटायला जाणार नाही.

मध्यंतरी लॅबमध्ये एक केमिस्ट बाई आल्या. वयाने मास्तरांच्या मुलीएवढ्या. त्यांनी कागदाच्या बारीक पट्ट्यांची डबी आणली. पट्टी पाण्यात बुडवायची, निळी झाली तर पेरॉक्साइड आहे, पांढरी राहिली तर नाही. मास्तरांनी डबी उलटीपालटी करून बघितली, एक पट्टी (अर्थातच) चाखली आणि म्हणाले, “बाई, हातच्या कांकणाला आरसा कशाला?” सगळं खातं हसलं. बाईही हसल्या आणि डबी कपाटात गेली.

आणि मग, ही हसण्याची गोष्ट घडून बरेच दिवस झाल्यावर, मास्तरांची जीभ गेली.

बोलायची नव्हे, ती तर शाबूत होती. चव गेली. एकदम नाही, हळूहळू, धुवून धुवून कापडाचा रंग उतरावा तशी. आधी वाटलं, सर्दी असेल. मग वाटलं, चहाच्या पुड्यात भेसळ आहे. चहावाल्याशी दोनदा भांडून झालं. मग एका सकाळी पहिल्याच धुण्याचं पाणी, जे जिभेला चांगलं चावायला हवं, ते बोटावर घेऊन लावलं तर काहीच झालं नाही. मास्तर तिथेच बोट तोंडात धरून उभे राहिले. मशीनवाला वाट बघत होता.

“अजून एक,” मास्तर म्हणाले.

आता त्यांनी तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पट्ट्यांची डबी दहा पावलांवरच्या कपाटात होती. पण ज्या पट्टीची चारचौघांत थट्टा केली, ती आता मागायची कोणत्या तोंडाने? शिवाय मनात भीती बसलेली. खात्यात मास्तरांचा मान होता तो त्या जिभेचा. जीभच नाही म्हटल्यावर या माणसाचं करायचं काय, हा प्रश्न मालकांच्या आधी मास्तरांनाच पडला होता. ओझी उचलायचं वय गेलेलं, आणि दुसरं काही येत नव्हतं. मग त्यांनी घाबरलेला माणूस करतो तेच केलं. जिथे चार धुणी लागत तिथे पाच करायला लागले. पाचावर समाधान होईना, तेव्हा सहा. बोट जिभेला लावायचं नाटक मात्र दर वेळी नेमाने.

कापड बिघडलं नाही, पण मागची विहीर बिघडली. कारखान्याचं सगळं पाणी त्या विहिरीचं, आणि रंगून झालेलं सांडपाणी साफ करणारी टाकी तिच्या शेजारी. एकीकडे विहिरीचा तळ दिसायला लागला, दुसरीकडे टाकी तुडुंब. मालक विहिरीत डोकावले, टाकीत डोकावले आणि तणतणत खात्यात आले.

“कापड तेवढंच, माणसं तेवढीच, मग पाणी जातंय कुठे? पितंय का कोणी?” मालक मास्तरांकडे वळले. “हे बघा मास्तर, धुण्याचं पाणी निम्म्यावर आणायचं. या हंगामात नाही जमलं, तर पांढरं करायचं खातंच बंद करतो. बाहेरून पांढरं कापड आणू आणि नुसतं रंगवू.”

मालकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, तसं आता मास्तरांच्याही तोंडचं पळालं. पांढरं करायचं खातं बंद म्हणजे चाखायचं काही उरलंच नाही, म्हणजे मास्तरही नाहीत. आणि धुणी कमी करावीत तर कोणत्या धुण्यानंतर थांबायचं, हे आता कळत नव्हतं.

सुटीच्या दिवशी त्यांनी दोन बाटल्या घरी आणल्या. लाल दोरा बांधलेली पहिल्या धुण्याची, पांढरा दोरा बांधलेली शेवटच्या धुण्याची. घरी शांतपणे बसून, तोंड स्वच्छ धुवून, जिभेला परत शिकवता येतं का बघू, असा विचार. घरी नवरा-बायको दोघंच. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. बायको कपडे शिवायची, पण आज शिवणाचं मशीन झाकून ठेवलेलं होतं आणि ती ओट्याशी बटाटे सोलत होती.

मास्तरांनी दोन बाटल्यांतलं पाणी दोन पेल्यांत ओतलं. डोळे मिटले. लाल दोऱ्याचं चाखलं. काही नाही. पांढऱ्या दोऱ्याचं चाखलं. तेही काही नाही. परत लाल. परत पांढरं.

“काय चाललंय?” बायकोने विचारलं.

“काही नाही. तू सोल.”

तिने वळून पाहिलं. त्यात सुरी सटकली आणि बटाट्याची एक चकती उडून थेट लाल दोऱ्याच्या पेल्यात पडली. मास्तर ती काढायला गेले आणि हात तसाच हवेत राहिला. चकतीच्या कडेने बारीक बारीक बुडबुडे फुटत होते. एकामागून एक, ओळीने, न थांबता. चकती तळाशी गेली होती ती बुडबुड्यांवर बसून वर आली.

“अगं,” मास्तर म्हणाले, “अजून एक दे.”

दुसरी चकती त्यांनी पांढऱ्या दोऱ्याच्या पेल्यात टाकली. ती तळाशी गेली आणि गप्प पडून राहिली. एक बुडबुडा नाही.

झालं. मास्तरांच्या डोक्यात किडा शिरला. आता त्या घरात कोणाचं काही खरं नव्हतं. त्यांनी लाल दोऱ्याच्या पाण्यात मीठ टाकलं, साखर टाकली, तांदूळ टाकले. काही नाही. गाजराचा तुकडा टाकला, तो लाजत लाजत थोडे बुडबुडे सोडायला लागला. साबण टाकला, त्याचा नुसताच फेस झाला आणि काहीच कळलं नाही. शिवणाच्या मशीनमधलं तेल टाकायला गेले तेव्हा बायकोने हात धरला. तिच्या अंगठ्याला मघाशी सुरी लागली होती, रक्ताचा एक थेंब तिथे आला होता. मास्तरांनी तो अंगठाच पेल्यात बुडवला. पेला असा फसफसला की दोघंही दचकली.

“माझं बोट आहे ते, बटाटा नाही!” बायको ओरडली.

“तेच तर!” मास्तर म्हणाले. “बटाट्यात जे आहे ते तुझ्यातही आहे.”

नवऱ्याकडून असलं कौतुक ऐकून कोणती बायको खूश होईल? पण मास्तरांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते पेल्यात थुंकले. तिथेही थोडा फेस आला. म्हणजे इतकी वर्षं जिभेला ज्या मुंग्या यायच्या त्या पाण्याच्या नव्हत्याच. जीभ स्वतः ते पेरॉक्साइड फोडत होती, बटाट्यासारखी, आणि तिचेच बुडबुडे तिलाच टोचत होते. पाणी जिभेला चावतं असं ते आयुष्यभर समजत आले, आणि प्रत्यक्षात जीभ पाण्याला चावत होती.

शेवटी त्यांनी झाकलेल्या पातेल्यातला उकडलेला बटाटा घेतला. तो काही केल्या बुडबुडा सोडेना. कच्चा बोलतो आणि उकडलेला गप्प, हे का, ते त्यांना कळेना. ते विचार करत तिथेच जमिनीवर बसले.

बायकोही हात पुसत समोर येऊन बसली. “एक विचारू? तुम्हाला चव कळत नाही ना?”

मास्तर हातातला उकडलेला बटाटा उलटापालटा करत राहिले.

“मला ठाऊक आहे. तुमचा भाऊ जेवायला आला होता ना, त्या दिवशी मी भाजीत मीठ विसरले. त्याने एक घास घेऊन माझ्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, छान झालीये. मला वाटलं, पाहुण्यासमोर माझी बाजू राखलीत. मग एकदा मुद्दाम नाही घातलं. तरी छान. एकदा मूठभर घातलं, मला घास गिळवेना. तुम्ही म्हणालात, छान.” तिने अंगठ्यावरचं रक्त पदराने टिपलं. “तुम्हाला आवडतं म्हणून मी जन्मभर करत आले. आता कोणासाठी करते, तेच कळत नाही.”

मास्तरांना फार वाईट वाटलं. चव गेली तेव्हा त्यांना कारखाना आठवला होता, आपली जागा आठवली होती. हे ताट आठवलं नव्हतं.

“कारखान्यात माहीत नाही,” ते म्हणाले. “कळलं तर घरी बसवतील.”

“मग हा बटाटा न्या,” बायको म्हणाली.

मास्तरांच्या खिशात रोज बटाटा जायला लागला. बोट चाटायचं नाटक करायचं, मग मशीनच्या आडोशाला जाऊन पेल्यात फोड टाकायची. बुडबुडे आले की ‘अजून एक.’ नाही आले की मान. सहा धुण्यांवरून गाडी परत चारावर आली. इथे थांबले असते तर सगळं झाकलं गेलं असतं. पण ज्याने लहानपणी फळी चाटली तो इथे थांबणारा नव्हता. एकदा फोड पेल्यात जास्त वेळ राहिली तर तिचे बुडबुडे बंद पडले. त्यात नवी फोड टाकली, तीही गप्प. म्हणजे पहिल्या फोडीने सगळं पेरॉक्साइड खाऊन टाकलं होतं. मग धुवायचंच कशाला? पाण्यामागून पाणी ओतून जे बाहेर ढकलायचं, ते आतल्या आतच का संपवू नये?

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून किसलेल्या बटाट्याचा रस डबा भरून आणला आणि कोणाचं लक्ष नाही बघून वाफाळत्या मशीनमध्ये ओतला. फोडीने तपासलं. पेरॉक्साइड होतं तिथेच. मास्तर चरफडले, आणि मग एकदम त्यांना तो उकडलेला बटाटा आठवला. इतक्या गरम पाण्यात रस म्हणजे उकडलेलाच की! पुढच्या लॉटला, म्हणजे कापडाच्या पुढच्या खेपेला, त्यांनी मशीन कोमट होऊ दिलं आणि मग रस ओतला. थोड्या वेळाने फोड टाकली. एकही बुडबुडा नाही. एकही धुणं नाही. मास्तरांनी एवढ्या जोरात मान हलवली की मशीनवाल्याला वाटलं, मानेत लचक भरली.

लॉट फिकट निळ्या चादरींचा होता. बाहेर निघाला तो कोणत्याही बाजारात न चालणारा. निळा होता, पण गढूळ, जागोजागी तपकिरी झाक. चिरलेला बटाटा थोडा वेळ ठेवला की काळा पडतो, हे लहान पोरालाही माहीत असतं. मास्तरांनी रस सकाळपासून डब्यात ठेवला होता. सगळं चाखणाऱ्या माणसाला एकदा झाकण उघडून बघायचं सुचलं नाही.

मालक आले. केमिस्ट बाई आल्या. बाईंनी ओलं कापड नाकाला लावलं.

“बटाटा?” त्या म्हणाल्या.

पितळ उघडं पडलं, आणि मास्तरांना, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं. त्यांनी सगळं सांगितलं. जीभ, जास्तीची धुणी, विहीर का आटली ते, लाल दोरा, अंगठा, रस. खातं ऐकत होतं. कोणी हसलं नाही.

बाईंनी आधी विचारलं ते असं: “गरम पाण्यात का नाही चाललं, ते कसं ओळखलंत?”

“उकडलेला बटाटा गप्प बसला होता.”

बाई कपाटाकडे गेल्या. पट्ट्यांच्या डबीमागून त्यांनी एक लहान कॅन काढला, धूळ पुसली. “हे एन्झाइम. तुमच्या बटाट्यात आहे तेच, फक्त साफ केलेलं, डाग न पाडणारं. जवळजवळ प्रत्येक जिवाच्या अंगात असतं. पेरॉक्साइडचं हे पाणी करतं आणि हवा. मी नमुना मागवला होता. पट्ट्यांचं ते तसं झालं, म्हणून परत विषय काढला नाही. राग आला होता मला.” त्या थांबल्या. “काढायला हवा होता.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. मास्तर बटाटे किसत होते आणि औषध दहा पावलांवर धूळ खात होतं. एकाचा मान आणि दुसरीचा राग, या दोघांच्या मधून सगळी विहीर वाहून गेली.

मालक एवढा वेळ कॅनकडे बघत होते. “याने धुणी किती उरतील?”

“एक. पुरेल,” बाई म्हणाल्या. “पण करून बघायला हवं. आणि कुठे थांबायचं ते कळायला माणूस हवा.”

“पण मास्तरांची जीभ गेलीये.”

“डोकं आहे ना.”

मालकांनी मास्तरांकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं, निदान मास्तरांना तसं वाटलं. मग म्हणाले, “चादरी काळ्यात टाका.” रंगखात्याचा हा जुना रिवाज. बिघडलेलं सगळं काळ्यात जातं, आणि काळ्या रंगात डाइंगवाल्यांची किती पापं जिरली आहेत याचा हिशेब कोणी ठेवत नाही. मग मालक मास्तरांना म्हणाले, “आणि आजपासून इथे कोणी काही चाखायचं नाही. चाखताना दिसलात तर मात्र खरंच घरी बसवीन.”

पुढच्या लॉटला मशीन कोमट झालं, बाईंनी कॅनमधलं मोजून ओतलं, आणि सगळे पेल्याभोवती जमले. बाईंनी पट्टी बुडवली. मास्तरांनी फोड टाकली. पट्टी पांढरी राहिली, फोड तळाशी पडून राहिली. मास्तरांनी बाईंकडे बघितलं, बाईंनी मास्तरांकडे, आणि दोघांनी एकदमच मान हलवली. त्या लॉटचा रंग कसा आला हे विचाराल, तर जसा यायला हवा तसा आला. असल्या कामात याहून मोठं काही घडत नसतं. विहिरीतलं पाणी हळूहळू वर चढायला लागलं.

मास्तर आता खात्यात सारखे काहीतरी विचारत फिरतात. मऊपणा आणायला कापडाला शेवटी जे लावतात त्यात काय असतं, ते पाण्यात गेलं की त्याचं काय होतं, रंग कमी पाण्यात का चढत नाही. बाई उत्तरं देतात. जे माहीत नसेल ते ‘माहीत नाही’ म्हणतात, आणि मग दोघं मिळून बघतात. बोट मात्र ओठांपर्यंत जाऊन परत येतं. जन्माची सवय ती, सहजी कशी जाईल.

घरी चवीचा विषय त्यांनी काढला नाही आणि बायकोनेही विचारलं नाही. जेवताना आता ते ‘छान’ म्हणत नसत, कारण ते खोटं होतं हे दोघांनाही माहीत होतं.

एका सुटीच्या दुपारी ती ताटं वाढून समोर बसली. मास्तरांनी एक घास घेतला. चावता चावता थांबले. परत एक घास घेतला, डोळे मिटून, तोटीखालचं बोट जिभेला लावायचे तसा.

“अगं,” ते म्हणाले, “भाजीत मीठ नाहीये.”

बायकोचा हात ताटातच थांबला.

“मुळीच नाहीये,” मास्तर म्हणाले. “अळणी आहे. खाववत नाही.”

ती उठली, ओट्याकडे गेली, आणि पाठमोरी उभी राहिली. मीठ काढायला एवढा वेळ लागत नाही. परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते आणि हसू काही आवरत नव्हतं.

“ठेवा, ठेवा नावं,” ती म्हणाली. “किती दिवसांनी कोणीतरी माझ्या हाताला नाव ठेवलं.”

मास्तरांनी मिठाची वाटी घेतली, चिमूट भुरभुरली, घास खाल्ला. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती, खात्यातली माणसं बघायची तशी.

“आता?”

“आता जास्त झालं.”

“ते तुम्ही घातलंत,” ती म्हणाली, आणि जेवायला बसली.